हैदराबादेत मागे राहिलेला मामा

वसंतमामा गेल्याची तार आली तेव्हा आई गच्चीवर वाळवण उचलत होती. तिने तार दोनदा वाचली, पदराला हात पुसले आणि एवढंच म्हणाली, "आता हैदराबादेत आपलं कुणी राहिलं नाही." त्याला दीड महिना होत आला... खरं तर तिथे आपलं असं कुणी राहिलं नव्हतं ते मामालाच. छप्पन साली हैदराबाद राज्याची भाषेवार वाटणी झाली तेव्हापासून.

मामा, आईचा धाकटा भाऊ, जनावरांचा डॉक्टर. लग्न केलं नाही. शहराबाहेरच्या मेंढ्यांच्या सरकारी केंद्रावर नोकरी आणि डोक्यात एकच विषय. पोटात जुळी असलेली मेंढी, विण्याला थोडेच आठवडे उरलेले, अचानक कळपापासून बाजूला जाऊन उभी राहते. खात नाही. डोळे उघडे, पण दिसत नाही. तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा गोडसर वास येतो. मग खाली बसते ती उठत नाही. कुणी म्हणे विषारी पाला खाल्ला, कुणी म्हणे नजर लागली. मामा रक्त तपासायचा आणि दर वेळी त्यातली साखर पार उतरलेली असायची. "दोन पोरं आतून साखर ओढतात," तो मला सांगे, "आणि पोटात जागाही त्यांनीच अडवलेली, म्हणून हिला पुरेसं खाता येत नाही. मग स्वतःची चरबी जाळते बिचारी, आणि ती चरबीच तिला भोवते."

वाटणीत बाबांची नोकरी मुंबई राज्याकडे आली. आम्ही औरंगाबादला निघालो. मामाचे मित्रही एकेक करून निघाले होते. त्यालाही इकडे येता आलं असतं. निघायच्या आदल्या दिवशी आई मला घेऊन केंद्रावर गेली. तो गोठ्यात गुडघ्यांवर बसून एका मेंढीच्या मानेतल्या शिरेत ग्लुकोज सोडत होता.

"वसंता, इथं तुझं कोण आहे रे? चल आमच्याबरोबर."

"ताई, हिच्याकडे बघ ना. तिकडे गेलो तर मला कचेरीत बसवतील. मग हे कोण बघणार?"

मेंढी उठली नाही. शेवटी त्याने तिचं पोट उघडून कोकरं काढली. एक जगलं. मामा ते धोतराने पुसत राहिला, आणि आईने पुन्हा तो विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी काचीगुडा स्टेशनवर तो आला, खिडकीचा गज धरून उभा राहिला. गाडी हलली तरी त्याने हात काढला नाही, काही पावलं तसाच चालला...

पुढे मी एकदा त्याच्याकडे राहून आले. आबिड्सच्या बाजारामागे दोन खोल्या. रविवारी अफझलगंजच्या वाचनालयात जाऊन तो आठवड्यापूर्वीची मराठी वर्तमानपत्रं जाहिरातींसकट वाचायचा. बोलताना मधेच अडायचा, साधे शब्द शोधायचा. मी निघाले तेव्हा म्हणाला, "बरं झालं आलीस. तोंड उघडलं माझं." पण त्याचं काम मार्गी लागलं होतं. गाभण मेंढ्यांना शेवटचे आठवडे ज्वारीचा भरडा मिळायचा, मलूल दिसली की लगेच गुळाचं पाणी. त्या केंद्रावर अशी मेंढी मरणं विरळच झालं होतं.

तो झोपेतच गेला. तार आल्यावर मी हैदराबादला गेले, त्याच्या खोल्या आवरल्या आणि मग केंद्रावर गेले. यादय्या नावाचे तिथले मेंढपाळ मामाबरोबर सुरुवातीपासून होते. त्यांना एक अक्षर मराठी येत नाही. गोठ्यात एक जडावलेली मेंढी मान टाकून बसली होती. ते तिच्याजवळ उकिडवे बसले, पाठीवरून हात फिरवला आणि तेलुगू हेलात, पण चक्क मराठीत म्हणाले, "ऊठ गं बाई. दोन घास खाऊन घे. मी आहे ना."

मी दाराशीच थांबले. तिथूनच विचारलं, "इसका मतलब क्या है, मालूम?"

"नै अम्मा. डाक्टर साब रोज बोलते थे, मैं भी बोलतूं. मेरे कू नै मालूम," ते म्हणाले, "भेडां कू मालूम."

मेंढीने पुढचे पाय सावरले आणि ती उठू लागली.