उंबराखालची येसू आणि आतला मी

आमच्या घराण्यात एका हिवाळ्यात मी हुशार होतो. पुढे तसं कुणी म्हणालं नाही.

आमचं गाव घोड नदीच्या काठी, घोडेगावच्या पलीकडच्या तीरावर. शाळा मारुतीच्या ओवरीत भरायची. चारही इयत्ता एकाच सतरंजीवर आणि मास्तर एकच. सकाळी नदीवरून धुकं यायचं आणि सरळ शाळेत शिरायचं (त्याला फी नव्हती). त्या धुक्यात आम्ही पाढे म्हणायचो, ते झोपेत पाळणा हलवावा तसे. दोन-तीन पोरं पाढा म्हणता म्हणता घोरायची, तीसुद्धा तालात.

माझी धाकटी बहीण येसू माझ्याच ओळीत बसायची. मास्तर गणित सांगून पान थुंकायला उठले, की परत येईपर्यंत तिचं उत्तर पाटीवर तयार. मग ती डोंगराकडे बघत बसायची. ती बघते म्हणून शेजारची बघायची, ती बघते म्हणून तिच्या पलीकडची. एकदा तर अख्खी शाळा डोळे उघडे ठेवून एका ढगाबरोबर भीमाशंकरापर्यंत जाऊन आली. मारुतीचीही मान जरा वळली होती म्हणतात.

शेवटी मास्तर म्हणाले, "येसू, तू बाहेर उंबराखाली बस. हे चौथीचं हौदाचं गणित घे. सुटलं की आभाळ बघ. नाही सुटलं तरी बघ."

येसू खुशीत बाहेर गेली आणि घोटाळा झाला. कारण आमच्या गावात शाळेच्या बाहेर बसायचं ते पाढे न येणाऱ्यानं. ही रीत गावाला पाठ होती.

जुन्नरचे अमीनचाचा कागद बनवायचे. तट्टावर कागदाचे गठ्ठे लादून ते बाजाराला निघाले, की आमच्या ओट्यावर पाणी प्यायला थांबत. ते आबांना म्हणाले, "पाटील, तुमची पोरगी दर खेपेला शाळेबाहेर दिसती. अन् पोरगा कधीच न्हाई दिसला बाहेर."

आबांना अक्षर येत नव्हतं, पण हिशेब लगेच जमला. "म्हंजे पोरगी येडी, अन् पोरगा पंडित."

त्या दिवसापासून माझ्या भाकरीवर तूप पडू लागलं. किती? भाकरी पोहायला लागली. आबा पावण्यांना सांगायचे, "ह्यो कदी बाहेर बसला न्हाई, राव." पावणे माझ्याकडे असे बघायचे, जणू मी आताच काशीहून उतरलोय. मी एक अक्षर खोटं बोललो नाही. तोंडात तूप असताना बोलणार तरी कसा?

पण आबांनी पुढचंही ठरवलं. येसूला शाळेतून काढून शेरडांमागं धाडायचं. नदीवर हंडा भरताना ती हळूच म्हणाली, "दादा, मला काढत्याल रं. हौदाला दोन तोट्या हायेत, अन् तळाला भोक. अजून सुटलं न्हाई."

तूप घशाशी आलं. तरी मी म्हणालो, "भोक बुजव की." (माझी झेप तेवढीच.)

दुसऱ्या दिवशी आबा नवं पागोटं बांधून शाळेत आले.

"मास्तर, पोरीला न्यायला आलोय. लई दिस बाहेर बसली."

"दुपारी न्या. आत्ता तिचं चौथीचं गणित चाललंय."

"चौथीचं? अन् ह्यो?"

"हा दुसरीत आहे. दुसऱ्यांदा."

"मग ती बाहेर का?"

"आतलं तिला पुरत नाही."

"अन् ह्यो आत का?"

"बाहेर ठेवला तर घरी जाईल."

आबा उंबराखाली जाऊन येसूशेजारी बसले.

"काय बगतीस?"

"ती घार, आबा. गिरक्या घेती ना, तिचा गोल आपल्या खळ्याएवढा असंल का मोठा?"

आबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि वर बघू लागले. ऊन उंबरातून गळत होतं, धुकं विरत होतं, घार फिरत होती. आमची शेरडं शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरली, ओरडा झाला, तरी दोघांपैकी कुणाचीही मान खाली आली नाही.

दुपारी आबा मास्तरांना म्हणाले, "हिला किती शिकवता यील?"

"इथलं संपत आलंय. पुढं घोडेगावच्या शाळेत घालावी लागेल."

"पोरीची जात. मधी नदी हाय. एकटी कशी धाडू?"

मग दोघांनीही सावकाश माझ्याकडे पाहिलं.

"ह्याला बी वर ढकला," आबा म्हणाले.

मास्तरांनी आधी मारुतीला हात जोडले, मग मला पास केलं.

घोडेगावला मी तिच्यासोबत पुष्कळ शिकलो. तिथले मास्तर येसूला रोज नवं गणित घालायचे. मला एवढंच विचारायचे, "नदीला पाणी किती आहे रे?" आणि सांगायला अभिमान वाटतो, एवढ्या वर्षांत माझं उत्तर एकदाही चुकलं नाही. चड्डी जिथवर भिजलेली, तिथवर पाणी.