आईच्या दुखण्याचं नाव

इंटर सायन्सला मला तिसरा वर्ग मिळाला. आदल्या वर्षी पहिला होता. बी.एस्सी.साठी अर्ज केला तेव्हा प्रिन्सिपॉलांनी या घसरणीचं कारण लेखी मागितलं. मी ‘कौटुंबिक अडचण’ एवढंच लिहिलं. त्यांनी कागद परत केला. “अडचणी सगळ्यांनाच असतात. नेमकं लिहून आणा, उद्या अकरापर्यंत. नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल.”

नेमकं कारण होतं आईचा क्षय. दिवाळीपासून परीक्षेपर्यंत घाटकोपरच्या आमच्या खोलीत तिचं सगळं मीच केलं. वडील गिरणीत जात, आणि ताईला लागण नको म्हणून वाकोल्याला मामांकडे ठेवलं होतं. शेजाऱ्यांना आम्ही दमा सांगत होतो. ताईचं लग्न जमत आलं होतं, आणि मुलाचे काका त्याच कॉलेजच्या कचेरीत कारकून होते.

वडील म्हणाले, “त्या रोगाचा नाव कागदार घालू नको. चेडवाचा लगीन मोडतला.”

“मग माझं वर्ष?”

“देवीक इचारूया.”

आईला कुणीच विचारलं नाही. दुपारी गावदेवीच्या देवळात कौल लावला. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं: लिहायचं असेल तर उजवी पडू दे, लपवायचं असेल तर डावी. पाणी सुकलं की एखादी सुटते. दोन तास एकही हलली नाही. गुरव जवळ जाऊन पाहून आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “पाणी सुकतच नाही हो. आज घरी जा.”

दुसऱ्या दिवशी कोरा कागद घेऊन प्रिन्सिपॉलांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो. देवीने ऐन वेळी तोंड फिरवलं, असं मनात येत होतं. तेवढ्यात बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी खोकलं. दोन आखूड ठसके, मग थांबून एक लांब श्वास. कित्येक महिने मी हाच खोकला ऐकत आलो होतो. हिरव्या लुगड्यातली एक बाई बसली होती. तोंडावर पदर होता.

“लिव रे झिला,” ती म्हणाली. “नाव घेतला म्हणान ती मराची नाय.”

मी लिहू लागलो. आजाराचं नाव, इंजेक्शनं, थुंकीचं भांडं, त्याच्या शेजारी उघडं ठेवलेलं गणिताचं पुस्तक. शेवटी ताईच्या लग्नाबद्दल एक ओळ. सही करून मान वर केली, तर बाक रिकामा. शिपायाला विचारलं.

“बाई कुठली? सकाळपासून एकटाच तर बसलायस. खोकत पण तूच होतास ना रे?”

प्रिन्सिपॉलांनी कागद दोनदा वाचला, घडी केली आणि स्वतःच्या खणात ठेवून कुलूप लावलं. “हा कचेरीत जाणार नाही. तुम्हाला प्रवेश दिला.”

परतताना देवळात गेलो. उजवी पाकळी मूर्तीच्या पायाशी पडली होती. “अकराच्या सुमाराला पडली,” गुरव म्हणाला. “हात लावून बघ.” ती अजून ओली होती.

घरी आई उशीला टेकून बसली होती. मी अजून कुणाला काही सांगितलं नव्हतं.

“झिला,” ती म्हणाली, “माझ्या दुखण्याचा नाव नीट लिवलंस मां?”

पुढे ताईचं लग्न झालं, आईही बरी झाली. यातलं काही सिद्ध करायला मी बसलेलो नाही. निर्णय देवीवर टाकून आम्ही मोकळे झालो होतो आणि त्यालाच शरण जाणं समजत होतो. माझी सही होईपर्यंत ती थांबली. आजही दिवा लावताना कधी कधी तो खोकला ऐकू येतो. मी हात जोडतो, आणि काही मागण्याआधी लपवलेलं सांगून टाकतो.