सौजन्याची ओळ

नोटीस आली तेव्हा मी तुकोगंजच्या ऑफिसात डबा खात होते. आधी वाटलं, बँकेच्या नावाने येतात तसली फसवाफसवीची मेल असेल. पण खाली महाराष्ट्रातल्या एका प्रकाशनाचं लेटरहेड होतं आणि वकिलाची सही. आमच्या वेबसाइटवरची एक पुस्तिका त्यांच्या मालकीची आहे, असं त्यात म्हटलं होतं. ती ताबडतोब काढा, लेखी माफी मागा आणि पुन्हा असं करणार नाही असं लिहून द्या. पुस्तिकेचं नाव वाचलं आणि डबा बंद केला.

आमची वेबसाइट म्हणजे खरं तर मी एकटीच. ऑफिसात मी लोकांच्या कंपन्यांसाठी वेबसाइटची पानं बनवते आणि रविवारी तेच काम स्वतःसाठी करते. घरातली, शेजारची, नातेवाइकांच्या पेट्यांतली जुनी पत्रकं आणि पुस्तिका स्कॅन करून लावते. कोणीही वाचावी, कोणीही उतरवून घ्यावी. जाहिरात नाही, पैसा नाही. मी अक्षरं शिकले तीच पत्रकांवर. इतर मुलांकडे हत्ती-घोड्यांची पुस्तकं असायची, माझ्याकडे ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ असायचं. भीमजयंतीला महूला जायचं तर पप्पांच्या एका हातात माझा हात आणि दुसऱ्या हातात पिशवी. रस्त्याकडेला चादरीवर मांडलेली पत्रकं ते नेहमी दोन-दोन घ्यायचे. एक घरासाठी आणि एक परतीच्या बसच्या सीटवर सोडायला. मी विचारायचे, हे कोण नेणार? ते म्हणायचे, ज्याला गरज आहे तो.

नोटीस ज्या पुस्तिकेची होती ती सोळा पानांची. माणूस गेल्यावर काय करावं आणि काय करू नये, एवढाच विषय. मृत्युभोज घालू नका, त्यासाठी कर्ज काढू नका, विधवेच्या बांगड्यांना हात लावू नका, जेवणावळीचा खर्च घरातल्या मुलीच्या शाळेवर करा. लेखकाचं नाव कुठेच नाही. महूपासून देवासपर्यंत आमच्या घरांमधून एक रीत आहे: घरात मृत्यू झाला की पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्याच्या स्मरणाच्या, कार्यक्रमाला ही पुस्तिका नव्याने छापायची आणि आलेल्या प्रत्येकाच्या हातात द्यायची. मजकूर तोच, फक्त शेवटच्या पानावर गेलेल्या माणसाचं नाव. म्हणजे ही पुस्तिका कधी जुनी होत नाही. कोणी ना कोणी जातं आणि ती पुन्हा ताजी होते.

माझ्या वेबसाइटवर जी प्रत होती तिच्या शेवटच्या पानावर माझ्या आईचं नाव होतं.

त्या प्रकाशनाने अशा पुस्तिका गोळा करून एक जाड बांधीव ग्रंथ काढला होता. प्रस्तावना त्यांची, मुखपृष्ठ त्यांचं, ते मला मान्य. पण त्यांनी आतल्या मजकुरावरही आपला हक्क लावला होता, आणि प्रत्येक पुस्तिकेचं शेवटचं पान गाळलं होतं. नावं गेली की मजकूर बेवारस दिसतो. बेवारस दिसला की उचलायला सोपा.

वेबसाइट ज्या कंपनीकडे ठेवलेली आहे तिने लगेच ते पान बंद केलं. तिचा नियम साधा होता. तक्रार आली की पान तीन आठवडे बंद. तेवढ्यात तक्रारदाराने कोर्टाचा हुकूम आणला तर ते बंदच राहणार, नाही आणला तर पुन्हा उघडणार. मला उत्तर द्यायची सोय होती. पण उत्तराच्या जागी दोनच चौकोन होते: ‘मी या मजकुराची मालक आहे’ आणि ‘माझ्याकडे मालकाची परवानगी आहे’. यातला एक निवडल्याशिवाय गाडी पुढे सरकत नव्हती. ऑफिसातला एक जण म्हणाला, अरे, मालकवर टिक कर ना, कोण बघतंय. मी नाही केलं. जी चोरी मी त्यांच्या माथी मारत होते तीच मी करायची? शेवटी चौकोन सोडून कंपनीला वेगळी मेल लिहिली. या मजकुराचा मालक नाही. असेल तर तक्रारदाराने त्याचं नाव सांगावं, आणि त्याने हक्क कधी आणि कसा दिला तेही सांगावं.

त्याच संध्याकाळी सुदामा नगरातल्या घरी पप्पांना सगळं सांगितलं. ते विमा कार्यालयातून निवृत्त झालेले आहेत. कागद हातात घेतला की आधी तारीख बघतात, मग सही, मग मजकूर. नोटीस त्यांनी दोनदा वाचली आणि विचारलं, “बाकी पुस्तिकांना काही धोका?”

होता. अशी आणखी एक तक्रार आली तर पूर्ण वेबसाइट बंद होऊ शकते, असं कंपनीने कळवलं होतं. ते ऐकून त्यांनी नोटिशीची घडी घालून मला परत दिली. मला त्यांच्याकडून घोषणेची अपेक्षा होती. लहानपणापासून मी त्यांना सभेत उभं राहून प्रश्न विचारताना पाहिलंय. पण आई गेल्यापासून ते हळू बोलतात.

मला जुन्या प्रती हव्या होत्या. वेगवेगळ्या वर्षांच्या, वेगवेगळ्या घरांच्या. मजकूर आधीपासून सगळ्यांचाच आहे हे दाखवायला तेवढं पुरलं असतं. समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी लिहिलं की पुस्तिका संकटात आहे, एक प्रकाशन तिच्यावर मालकी सांगतंय, ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया प्रत पाठवावी. ‘जुनी’ हा शब्द मी लिहिला नाही. मला वाटलं, ते उघडच आहे.

रविवारी सकाळी महूचे एक काका स्कूटरवर आले. पप्पांचे लहानपणचे मित्र, फौजेतून निवृत्त, अजूनही बूट पॉलिश केल्याशिवाय घराबाहेर न पडणारे आणि मुलगा-मुलगी सगळ्यांनाच भिया म्हणणारे. पायाशी दोरीने बांधलेला गठ्ठा होता. मी आनंदाने सोडला. आत कोऱ्या करकरीत पुस्तिका. शाईचा वास अजून गेलेला नव्हता.

मी विचारलं, “काका, हे काय?”

“पुस्तिका. तूच तर मागितली ना भिया, ग्रुपवर. सांवेर रोडला आपला एक प्रेसवाला आहे, त्याच्याकडून फटाफट छापून घेतली. आता कोण बंद करतं बघू.”

“मला जुनी हवी होती. पुरावा म्हणून.”

“जुनी कोण ठेवतं गं? ती तर वाटून टाकायची असते.”

पप्पा आतल्या खोलीतून हसले. बऱ्याच महिन्यांनी मी त्यांचं हसू ऐकलं. “हिला वाटलं आपण म्युझियम चालवतो,” ते म्हणाले.

हे एकट्या काकांनी केलं असतं तर चाललं असतं. पण त्या आठवड्यात देवासहून एक गठ्ठा आला, उज्जैनहून आला, आमच्याच कॉलनीतल्या दोन घरांनी छापल्या. संकट ऐकलं आणि लोकांना जे येत होतं ते त्यांनी केलं. काहींच्या घरी कोणी गेलेलंही नव्हतं. मग त्यांनी आजोबांचं, पणजीचं, ज्यांच्या वेळी छापायला जमलं नव्हतं त्यांचं नाव शेवटच्या पानावर टाकलं. मी डोक्याला हात लावला. मला जुना पुरावा हवा होता आणि हातात होता ताजा गुन्हा, तोही गठ्ठ्यांनी. एकाने तर फोटो काढून थेट प्रकाशनाच्या पेजवर टाकला आणि खाली लिहिलं, जय भीम, आपणही वाचा.

दुसऱ्या दिवशी प्रकाशनातून फोन आला. बोलणारे गृहस्थ मृदू होते, प्रत्येक वाक्यात मॅडम. तुम्ही प्रकरण वाढवताय, म्हणाले. नोटीस दिल्यावर छापील प्रती काढणं फार गंभीर आहे, म्हणाले. मी म्हटलं, मी एकही छापलेली नाही. मग कोणी छापली, असं त्यांनी विचारलं.

“शेवटचं पान बघा,” मी म्हटलं. “नाव तिथेच आहे.”

“पण ही तर मेलेल्या माणसांची नावं आहेत.”

“हो. द्या त्यांना नोटीस.”

मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. आम्हालाही वाद नकोय, ते म्हणाले. चळवळीचंच काम आहे, तुमचं आमचं एकच. तुम्ही पान ठेवा. माफी नको, काही नको. फक्त वर एक ओळ टाका, ‘प्रकाशनाच्या सौजन्याने’. आम्ही तक्रार मागे घेतो, उद्याच पान सुरू.

मी विचारलं, मजकूर कोणी लिहिला हे तुम्हाला माहीत आहे का? ते म्हणाले, ते आता कोणालाच माहीत नाही. मग सौजन्य कोणाचं, असं विचारल्यावर ते म्हणाले, विचार करून सांगा.

घरी आल्यावर पप्पांना हे सांगितलं. वाटलं होतं, तेही माझ्यासारखेच भडकतील. पण त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“टाक की ती ओळ,” ते म्हणाले.

“पप्पा.”

“मी रोज सकाळी फोनवर ते पान उघडून बघतो, बेटा. तिचं नाव आहे त्याच्यावर. आता उघडलं की लिहून येतं, पान उपलब्ध नाही. एका ओळीने काय होतं? टाकून दे.”

हे मला माहीत नव्हतं. मी पाणी प्यायला म्हणून उठले आणि ओट्यापाशी तशीच उभी राहिले. मग परत येऊन त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, आज ती ओळ टाकली की उद्या देवासला कोणी गेलं तर त्या घराने छापायच्या आधी यांना विचारायचं. त्यांनी हो म्हटलं तर छापायचं. आईच्या नावाच्या वर त्यांचं सौजन्य. तिच्या मरणावर त्यांची मेहेरबानी. तुम्ही छापली तेव्हा कोणाला विचारलं होतं?

त्यांनी चष्मा उचलून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“कोणाला नाही,” ते म्हणाले. मग म्हणाले, “राहू दे बंद.”

मी प्रकाशनाला चार वाक्यांचं उत्तर लिहिलं. सौजन्याची ओळ टाकणार नाही. माफी मागणार नाही. तुम्हाला कोर्टात जायचं असेल तर जा, मी येईन. तुमची प्रस्तावना मी कधी लावलेली नाही आणि लावणारही नाही, कारण ती तुमची आहे. पाठवायच्या आधी पप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी एकच बदल सुचवला: ‘मी येईन’च्या जागी ‘आम्ही येऊ’.

नंतरचे दिवस वाईट गेले. मेलचा आवाज झाला की हातातलं काम टाकून मी आधी ती उघडायचे. कोर्टाचा खर्च कसा करायचा हे मला माहीत नव्हतं, आजही माहीत नाही. कन्नोदहून एका बाईंचा फोन आला. सासरे गेले होते, कार्यक्रम जवळ आला होता आणि आमचं पान उघडत नव्हतं. मी फाइल थेट त्यांच्या फोनवर पाठवली आणि शेवटच्या पानावर नाव कुठे टाकायचं ते सांगितलं. असे आणखीही फोन आले. सगळ्यांना पाठवली.

मुदत संपली. कोर्टाचा कागद आला नाही. प्रकाशनाने एवढंच कळवलं की ते आपले सर्व हक्क राखून ठेवत आहेत. राखू देत. जे त्यांचं नाही ते राखून ठेवायला काही लागत नाही. परत उठले तर परत उत्तर देईन.

पान उघडल्याचं मला ऑफिसात कळलं. लगेच घरी फोन लावला. म्हटलं, पप्पा, बघा, सुरू झालं.

“सकाळीच बघितलं,” ते म्हणाले. “शेवटचं पान जरा तिरकं स्कॅन झालंय. तिचं नाव उतारावर आल्यासारखं दिसतं. घरी आलीस की सरळ करून लाव.”