बांधापलीकडच्या काकांचं आवतन

बांधापलीकडच्या काकांशी भांडून दाखवेल असा माणूस आमच्या गावात तर नव्हताच, पण शेलूबाजारच्या बाजारातही सापडला नसता. आणि तिथे तर माणसं वांग्याच्या भावावरून एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरतात. काकांना शिवी दिली की ते "बरं" म्हणत. पुन्हा दिली की "पानी पेतो का?" असं विचारत. आता अशा माणसाशी कोण आणि किती वेळ भांडणार? त्यांचं वावर आमच्या वावराला लागून, म्हणून ते आमचे बांधापलीकडचे काका. बाकी गोत वेगळं, धर्म वेगळा. त्यांच्या आजोबांनी कधीकाळी बाप्तिस्मा घेतला होता आणि गावात ख्रिस्ती घर ते एवढं एकच. काका अंगानं आडदांड होते. तरुणपणी त्यांनी आखाड्यात भल्याभल्यांना माती चाखवली होती, असं माझे बाबा सांगत. आम्हा भावांना ते खरं वाटत नसे.

वाटणार तरी कसं? या माणसानं बैल हाकायच्या तुतारीची लोखंडी आर स्वतःच्या हातानं उपटून टाकली होती. बैल अडला की काका पुढे जाऊन त्याच्या कानाशी लागत आणि त्याची समजूत घालत. बैलाला पटेपर्यंत इकडे आमचं अर्धं वावर वखरून व्हायचं. घरात विंचू निघाला तर त्याला चिमट्यात धरून बांधापर्यंत आणत आणि अलगद आमच्या बाजूला सोडत. बाबा खवळायचे. "तुमच्या घरचा इच्चू आमच्या वावरात काहून सोडता?" काका म्हणायचे, "मंग कुठी सोडू बाप्पा? माह्या वावरात बाया निंदून राह्यल्या." चहा समोर आला की डोळे मिटून प्रार्थना सुरू. तीत गावातले आजारी येत, गाभण म्हशी येत, कुणाची रुसून माहेरी गेलेली बायको येई. तोवर चहावर जाड साय. डोळे उघडून एक घोट घेतला की तक्रार आईकडे: "थंडा चहा देता राजेहो तुमी!"

दुष्काळ सरून पाऊसपाणी बरं झालं, त्या वर्षीच्या पोळ्याला मात्र गावाचं डोकं फिरलं. आमच्याकडे सगळ्या जोड्या तोरणाखाली उभ्या राहतात आणि मानाची जोडी पहिली निघते. ज्या घराचा मान, त्या घरानं दुष्काळात चाऱ्यापायी बैल विकले होते. मग पहिली जोडी कुणाची? वरची आळी म्हणे आमची, खालची म्हणे आमची. दुष्काळात एका विहिरीचा गाळ मिळून उपसणारी माणसं, आणि बघता बघता लाठ्या निघाल्या. काका दोन्ही हात वर करून मध्ये घुसले. खालच्या आळीच्या शामरावानं माझ्या थोरल्या भावाच्या डोक्यावर लाठी उगारली होती, ती काकांच्या उजव्या हातावर बसली. हाड नीट जुळलंच नाही. हात कोपरात कायमचा वाकडा राहिला. माझा भाऊ आज नातवंडं खेळवतो आहे तो त्या हातामुळे, आणि हे मला एक दिवसही विसरता आलेलं नाही.

काकांचं घर आमच्याच वरच्या आळीत, त्यामुळे तो मोडका हात काकांचा न राहता अख्ख्या आळीचा झाला. पुढच्या पोळ्याला शामरावाला आडवा पाडायचा, असं ठरलं. ठरवणाऱ्यांत बाबा पुढे होते. जसजसा पोळा जवळ आला तसतशी घराघरांत कुऱ्हाडींना धार लागायला लागली. काका दारोदार फिरून हात जोडत. म्हणजे जोडायला बघत, पण उजवा हात डाव्यापर्यंत पोचत नसे. "येसूले धराले आले त्या राती बागेत त्याच्या चेल्यानं, पेत्रानं तलवार उपसली, तं येसूनं तिले म्यानात घालाले लावलं," ते म्हणाले. "अन् तुमी माह्या नावानं कुऱ्हाडी घासून राह्यले? हात माहा मोडला. माफ करन्याचा हक माहा हाये." कुणीतरी म्हणालं, "काका, मंग बांगड्या भरून घ्या." काका म्हणाले, "बरं."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळतात आणि त्यांना जेवणाचं निमंत्रण देतात. काकांनी आपल्या बैलांचे खांदे चोळले आणि उरलेल्या लोण्याची वाटी घेऊन सरळ खालच्या आळीची वाट धरली. ते एकटेच निघालेले पाहून बाबा आणि आम्ही पाचसहा जण काठ्या घेऊन मागे धावलो. शामराव दारात लाठी घेऊनच उभा होता. काका त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि बैलांना म्हणतात तेच म्हणाले, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

"मले बैल समजले का काका?" शामरावाचा आवाज चढला.

"ज्यानं वर्सभर वझं वायलं, त्याच्या खांद्याले लोनी लावतात," काका म्हणाले. "माह्या हाताचं वझं तू वर्सभर वाहून राह्यला, शामराव. मले का दिसत नाही? रस्त्यानं मी आलो का तू गल्ली बदलतं."

शामरावाची लाठी भिंतीला टेकली. तो उंबऱ्यावर बसला, खांद्यावरचा दुपट्टा त्यानं काढला आणि काका त्या वाकड्या हातानं त्याचे खांदे चोळायला लागले, तसा तो हमसून हमसून रडला. आम्ही काठ्या पाठीमागे लपवल्या. परतताना बाबा पुटपुटले, "या मानसानं भांडाचीबी सोय ठेवली नाही."

दुसऱ्या दिवशी तोरणाखालून पहिली जोडी निघाली ती काकांच्या एका बैलाची आणि शामरावाच्या एका बैलाची. एक उंच, एक ठेंगणा. एक इकडे ओढी, दुसरा तिकडे. काका दोघांच्या कानाशी लागून समजावत होते आणि अख्खं गाव हसत होतं. मग शामराव काकांकडे जेवायला गेला. प्रार्थना इतकी लांबली की पुरणपोळी गार झाली, पण तो डोळे मिटून बसून राहिला.

त्यानंतर दोनतीन पोळे झाले आणि काका साध्या तापानं गेले. त्यांच्याच वावरात, बांधाला लागून त्यांना माती द्यायची होती. पेटी उचलायला शामराव सगळ्यांत आधी पुढे झाला आणि वरच्या आळीनं त्याला वाट करून दिली. वावर लांब, वाट चिखलाची. अर्ध्या वाटेत बाबा खांदा बदलायला पुढे झाले. शामरावानं खांदा सोडला नाही.

"राहू द्या," तो म्हणाला, "या खांद्याले त्यायचं लोनी लागलं हाये."

बाबा मागे सरले आणि डोळे पुसत आमच्याबरोबर चालू लागले.