नाव खरवडण्याआधी

अक्षरकाकांना राग आला की ते बोलत नाहीत, छिन्न्यांना धार लावत बसतात. त्या आठवड्यात त्यांच्या दुकानातल्या सगळ्या छिन्न्यांनी दाढी करता आली असती.

दगडावर नावं कोरणं हा त्यांचा धंदा. दारावरच्या पाट्या, दवाखान्यांच्या कोनशिला, कबरीवरचे दगड, सगळं त्यांच्या हातचं. तरुणपणी एका गिऱ्हाइकाने पूर्ण शिळा कोरून झाल्यावर "मी असं सांगितलंच नव्हतं" म्हणून कानांवर हात ठेवले. तेव्हापासून काकांनी एक नियम केला. मजकूर आधी पेन्सिलीने लिहायचा, आणि ज्याने सांगितला त्याने दगडासमोर उभं राहून तो चारचौघांत मोठ्याने वाचायचा. वाचल्याशिवाय हातोडी उचलायची नाही. लोक कुरकुरायचे, पण वाचायचे.

शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये मुख्याध्यापकांच्या नावांची संगमरवरी शिळा आहे. तिच्यावर काकांच्या ताईचं नाव होतं, काकांनीच कोरलेलं. आई गेल्यावर या धाकट्या भावाला जेवू घालणारी, त्याचं नाक पुसणारी, पाटीवर बोट धरून अक्षरं गिरवून घेणारी हीच ताई. पुढे ती शाळेत लॅटिन शिकवायला लागली आणि शेवटी मुख्याध्यापिका झाली. तिचं नाव कोरताना काकांनी इतका जीव ओतला होता, की बाकीची नावं शेजारी जरा गरीब दिसायची.

ताई निवृत्त झाली आणि कार्यकारी समितीवर नवे अध्यक्ष आले. शाळेचं मैदान विकायचा त्यांचा बेत होता आणि ताईने भर सभेत त्याला विरोध केला. पुढच्याच महिन्यात फळ्यावर सूचना लागली: शाळेच्या प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या वर्तनामुळे माजी मुख्याध्यापिकांचं नाव शिळेवरून काढण्यात येत आहे.

कसलं वर्तन? कधीचं? कोणी पाहिलं? एक अक्षर नाही. पैसे खाल्ले म्हणाले असते तर हिशेब दाखवता आला असता. मुलाला मारलं म्हणाले असते तर त्या मुलाला विचारता आलं असतं. 'वर्तन' या शब्दाला काय उत्तर देणार? ताईने विचारणा केली, माझं म्हणणं ऐकून घ्या म्हणाली. समिती मूग गिळून बसली. आणि गाव काय, गावाला रिकामी जागा दिसली की ती भरायची घाईच असते. दुकानात ताई शिरली की बोलणी थांबायची. हळूहळू तिने बाहेर पडणं बंद केलं. जन्मभर ताठ मानेने चाललेली बाई खिडकीचे पडदे ओढून बसायला लागली. हे काकांच्या डोळ्यांदेखत चाललं होतं.

त्यात अध्यक्ष स्वतः काकांच्या दुकानात आले. वर शहाजोगपणे हसत.

"काका, कोरलंय तुम्ही, तेव्हा काढायचं कामही तुम्हालाच देतोय. घरातलं माणूस म्हणून त्यांना जरा हलकं जाईल."

काका छिन्नीला धार लावत राहिले.

"मनाला लावून घेऊ नका. जुनी पद्धत आहे ही. रोमन लोक दोषी माणसाचं नाव दगडावरून पुसायचे. दाम्नातिओ मेमोरिए! तुमच्या ताईंनीच शिकवलंय आम्हाला."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ते एवढंच म्हणाले, "शनिवारी येतो. सगळ्या समितीला बोलवा. माझा नियम माहीत आहे ना?"

ताईच्या घरी जाऊन त्यांनी तिला अध्यक्षांचा तो शब्द सांगितला. ताई भाजी चिरत होती. सुरी थांबली.

"वर्गात झोपायचा तो," ती म्हणाली. "शब्द तेवढा कानात राहिला."

"म्हणजे काय त्याचा अर्थ?"

"दाम्नातिओ म्हणजे दोषी ठरवणं. पण कोणी रागाने बोट दाखवलं, की झाली दाम्नातिओ, असं नव्हे. शब्द कोर्टातला आहे. आरोप करणारा बोलायचा, आरोपी बोलायचा, आणि मग निवाडा. पंचांच्या हातात मेणाची पाटी असायची. एक अक्षर सुटकेचं, एक दोषाचं. ज्याला जे पटेल त्याने ते ठेवायचं आणि दुसरं पुसायचं. काहीच कळलं नाही, तर तसं सांगायचीही सोय होती."

"आणि ते मेमोरिए?"

"आठवणीलाच दोषी ठरवायचं. नावं खरवडायचे ते लोक, ते खरं आहे. पण हा जोडशब्द त्यांचा नाही. फार नंतरच्या पंडितांनी जुळवलाय." तिने पुन्हा सुरी उचलली. "त्याच शब्दाच्या कुळात दाम्नुम हा शब्द आहे, म्हणजे नुकसान. तो मात्र त्याने बरोबर शिकवला मला."

ताई हसली नाही. काकांना वाटलं, ही ओरडली असती तरी बरं झालं असतं.

"तू कर ते काम," ती म्हणाली. "माझ्यापायी धंद्याला खोट नको."

"तू आता मध्ये बोलू नकोस, ताई." आयुष्यात पहिल्यांदा काका तिच्यावर आवाज चढवून बोलले.

शनिवारी हॉलमध्ये समितीचे पाचही जण हजर होते. मागे शिक्षक, दाराशी मुलं. काकांनी शिडी लावली, पेन्सिल काढली आणि ताईच्या नावाखालच्या मोकळ्या जागेत सुबक अक्षरांत लिहिलं: 'यांना दोषी ठरवले. गुन्हा.' पुढे जागा सोडली. खाली लिहिलं: 'निवाडा देणारे.' पुढे पाच ओळी मोकळ्या.

"हे काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"निवाडा आहे ना हा? मग दगडावर पूर्ण असू दे. गुन्हा काय ते सांगा, मी लिहितो. मग एकेकाने पुढे यायचं, स्वतःच्या नावासकट मोठ्याने वाचायचं. वाचून झालं की तिचं नाव मी स्वतः खरवडतो. पैसे नकोत."

काकांनी पहिल्या मोकळ्या ओळीवर पेन्सिल टेकवली.

"डॉक्टरसाहेब, तुमच्यापासून सुरू करू?"

डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "मी त्या दिवशी उशिरा पोचलो होतो. विषय संपत आला होता."

"वकीलसाहेब?"

"मी फक्त सही केली. ठराव माझा नव्हता."

तिसऱ्या होत्या पेढीवाल्या बाई, ताईच्याच हाताखाली शिकलेल्या. त्या जमिनीकडे बघत राहिल्या. चौथ्याला नेमका तेव्हाच फोन आला. उरले अध्यक्ष.

"साहेब, तुम्ही तरी वाचा."

"हा तमाशा बंद करा," अध्यक्ष म्हणाले. "निर्णय समितीचा आहे. एकेकाचं नाव घालायचा प्रश्नच येत नाही."

काका शिडीवरून उतरले. पेन्सिलीचा मजकूर त्यांनी पुसला नाही. हत्यारं पिशवीत भरली आणि घर गाठलं.

सोमवारी बाहेरगावचा एक माणूस यंत्र घेऊन आला आणि त्याने तासाभरात ताईचं नाव आणि पेन्सिलीचा मजकूर घासून टाकला. शिळेवर तळहाताएवढ्या रुंदीची लांबट खाच पडली, पुसट पांढरी. काकांना बातमी दुकानात कळली. ते तसेच ताईकडे गेले आणि घडलं ते सगळं सांगितलं, शनिवारचंसुद्धा, जे त्यांनी आतापर्यंत पोटात ठेवलं होतं.

"पाचांतल्या एकानेही वाचलं नाही?"

"एकानेही नाही."

ताई उठली आणि तिने खिडकीचे पडदे बाजूला सारले.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. पाहुण्यांसाठी हॉलमध्ये बाक असतं, शिळेच्या बरोबर समोर. तिथे बसली. शिपायाने अदबीने विचारलं, काय काम आहे. "माझं म्हणणं ऐकून घ्यायचं राहिलंय," ती म्हणाली, "वाट बघतेय." अध्यक्ष दारातूनच परत फिरले. माजी मुख्याध्यापिकेला बाकावरून उठवायचं कोणी? त्याला पुन्हा कोणाचं तरी नाव लागलं असतं.

आता ती रोज जाते. मधल्या सुट्टीत लहान मुलं शिळेपाशी येतात, खाचेत बोटं घालतात.

"आजी, इथे कोणाचं नाव होतं?"

"माझं."

"मग काढलं का? काय केलं होतं तुम्ही?"

"ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही," ताई म्हणते. "तुम्ही घरी जाऊन विचारा."