मुक्ताबाईचं रिव्हॉल्वर

बुधवार पेठेतल्या एका बोळात माधवरावांचं बंदुकांचं दुकान होतं आणि त्याच्या मागच्या खोलीत तात्याराव गायकवाड एकतीस वर्षं मिस्त्री म्हणून बसले. पुढे काउंटरवर माधवराव परवाने तपासायचे, नोंदवह्या भरायचे आणि जमेल तसा गिऱ्हाइकाचा अपमान करायचे. मागे तात्याराव लोकांची हत्यारं उघडून, पुसून, तेल घालून पुन्हा जुळवून द्यायचे. वडील खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, त्यामुळे लोखंडाची माया घरातूनच आलेली. स्वतः तात्यारावांनी उभ्या जन्मात ढेकणाखेरीज काही मारलं नाही. पण आपल्या हाताखालून गेलेल्या हत्यारांनी किती माणसं मारली, याचा आकडा त्यांना पाठ होता. तीन. आणि चौथा मेला तो हत्यार वाजलं नाही म्हणून. ही गोष्ट त्या चौथ्याची आणि त्याच्या बायकोची आहे.

आधी पहिल्याचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. शहाण्णव साली मुळशीकडच्या एकाने आपली बारा बोअरची बंदूक नवी स्प्रिंग घालायला आणली. शनिवारी तात्यारावांनी ती चोख करून दिली. सोमवारी त्याने विहिरीपाशी सख्ख्या भावाला गोळी घातली, अकरा गुंठ्यांसाठी. इतक्या जवळून, की छऱ्यांबरोबर काडतुसातला बुच्चाही पोटात गेला आणि भाऊ आपली आतडी दोन्ही हातांनी धरून वीस पावलं चालला. खटला सहा वर्षं चालून बंदूक कोर्टातून सुटली, तेव्हा पुतण्याने ती साफ करायला पुन्हा याच दुकानात टाकली. दस्त्याच्या नक्षीत काळं काहीतरी घट्ट बसलं होतं. तात्याराव दिवसभर रॉकेल आणि सुई घेऊन ते उकरत बसले. त्या दिवसापासून पौर्णिमेला विहारात पंचशील घेताना पहिल्याच, जीवहिंसा न करण्याच्या ओळीला त्यांचा आवाज बसायचा. शालनबाई, म्हणजे त्यांची बायको, शेजारी बसून त्यांच्या वाट्याची ओळ जरा मोठ्याने म्हणायची.

आपला हत्यारांचा कायदा मोठा मजेशीर आहे. परवान्याला जिवाचा धोका दाखवावा लागतो, आणि परवाना मिळाला की तो मिळवणाऱ्यापासून बाकीच्यांच्या जिवाला धोका सुरू होतो. परदेशी हत्यारं आणायला सरकारने केव्हाच बंदी घातली, त्यामुळे आधी आलेली जुनी विलायती रिव्हॉल्वरं तेवढी या परवान्यावरून त्या परवान्यावर फिरत राहिली आणि मोटारीच्या किमतीला विकली जाऊ लागली. काडतुसं वर्षाला मोजून मिळत. म्हणून ती कोणी उडवत नसे. तीच सहा काडतुसं पोटात घेऊन रिव्हॉल्वर दहा-दहा वर्षं कमरेला लटकायचं. ते वाजतं की नाही हे मालकालाही ठाऊक नसायचं.

मग हिंजवडीकडे कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आजूबाजूच्या गावांत जमिनीचा भाव चढला आणि माणसं एकमेकांवर कोयते घेऊन धावू लागली. गळ्यात बोटाएवढी साखळी घातलेले शेठ दुकानात येऊन विचारायचे, “दहाच गोळ्या? तीसवाली मॅगझीन नाय का भेटत?”

“मिळते ना,” माधवराव चष्म्यावरून बघत म्हणायचे. “सैन्यात भरती व्हावं लागतं. वय काय आपलं?”

समाधान त्यातलाच. त्याच्या बापाने, गेनबाने, एके काळी रानडुकरांचं कारण दाखवून एक विलायती रिव्हॉल्वर घेतलं होतं. गेनबा गेल्यावर परवाना समाधानच्या नावावर झाला. वीस एकरांतले अठरा विकून समाधानने बंगला बांधला, दोन गाड्या घेतल्या आणि दुपारपासून प्यायला सुरुवात केली. उरलेल्या दोन एकरांवर गावातल्या तिघा भावांचा डोळा होता. दोनदा हातघाई झाली होती, एकदा समाधानने त्यांतल्या धाकट्याचे दात पाडले होते.

दोन हजार नऊच्या विधानसभेला आचारसंहिता लागली आणि नियमाप्रमाणे सगळ्यांनी आपापली हत्यारं जमा केली. काहींनी पोलीस ठाण्यात, काहींनी दुकानात. माधवरावांच्या तिजोरीत गेनबाचं रिव्हॉल्वर चिठ्ठी बांधून पडलं. निकाल लागले की पावती दाखवायची आणि हत्यार परत न्यायचं, असा शिरस्ता.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद असताना कोणीतरी फळी वाजवली. माधवराव घरी झोपायला गेले होते. तात्याराव डबा खात होते. त्यांनी दार किलकिलं केलं तर पदर कपाळापर्यंत ओढलेली एक पस्तिशीची बाई उभी होती. आत आल्यावर तिने पदर मागे घेतला. डावा डोळा सुजून मिटला होता आणि गळ्यावर बोटांचे पाच वळ निळे उमटले होते.

“मी समाधानची मालकीण. मुक्ताबाई,” ती म्हणाली. “त्येंचं पिस्तूल तुमच्याकडं हाय. ते द्यू नका.”

तात्यारावांनी तिला पाणी दिलं. ती उभ्यानेच प्यायली.

“रोज माझ्या डोक्याला लावत्यात. पोरीच्या म्होरं. दीपाली अकरा वर्साची हाय माझी. ती कोपऱ्यात बसून कान झाकती. हे दीड म्हैनं पिस्तूल घरात नव्हतं तर निसत्या लाथा होत्या. लाथा चालत्यात. लाथंनं मरत न्हाई माणूस.”

“बाई, तुम्ही तक्रार द्या. परवाना रद्द होतो.”

“दिली की. चौकीत बसवलं, चहा दिला अन् त्येंनाच बोलावलं घ्यून जायला. ह्यो डोळा त्येचाच.”

तात्यारावांनी डबा बाजूला सारला. त्यांनी तिला सांगितलं ते कायद्याने अगदी बरोबर होतं: परवाना चालू आहे, पावती आहे, दुकानदाराला नाही म्हणता येत नाही. ती ऐकून घेऊन पदर ओढून निघून गेली. संध्याकाळी त्यांनी ही हकीकत माधवरावांच्या कानावर घातली.

“आपण हत्यारं सांभाळतो, तात्या, संसार नाही,” माधवराव म्हणाले. पण नेहमीसारखी त्यांच्या बोलण्याला धार नव्हती, आणि नंतर बराच वेळ ते नोंदवहीचं एकच पान बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यारावांनी ते रिव्हॉल्वर पुसायला म्हणून तिजोरीतून मागे नेलं. घोडा जिथे काडतुसाच्या बुडावर आपटतो, त्या टोकावर त्यांनी कानस धरली. अकरा गुंठेवाल्याची बंदूक त्यांनी चोख करून दिली होती. आपल्या कामात खोट ठेवायची नाही, हे इतक्या वर्षांचं त्यांचं एकमेव मिरवणं. हात थांबला. मग त्यांना त्या बाईच्या गळ्यावरचे वळ आठवले आणि इतका संताप आला, की मोजून चार वेळा कानस फिरवून त्यांनी ते टोक केसाच्या जाडीएवढं उतरवलं. वर तेल लावलं. आता चाप ओढला की नुसता ‘टक्’ आवाज होणार होता, आणि सहा काडतुसं बदलली तरी तेच होणार होतं.

समाधान त्याच दुपारी आला. तोंडाला वास होता. त्याने रिव्हॉल्वर हातात तोललं, गंमत म्हणून तात्यारावांच्या छातीवर रोखलं आणि हसला. तात्याराव सरळ बघत उभे राहिले. त्या क्षणी त्यांना कसलीच भीती वाटली नाही, उलट गार गार वाटलं, आणि हे त्यांनी पुढे शालनबाईजवळ कबूल केलं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या डोक्यात आलीच नाही. मनातल्या मनात त्यांनी समाधानला फक्त त्याच्या घरात पाहिलं होतं, बायकोच्या समोर उभा असलेला. त्या माणसाला घराबाहेरही शत्रू होते, हे ते साफ विसरले. मिस्त्री माणूस समोरचा बिघाड बघतो, पलीकडचं बघत नाही.

डिसेंबरात एका रविवारी भर दुपारी समाधान हायवेच्या ढाब्यावर मटण खात होता. ते तिघे भाऊ मोटारसायकलवरून आले. शर्टांच्या आत कोयते. पहिला वार खांद्यावर बसला तसा समाधान टेबल उलथून मागे सरकला आणि त्याने रिव्हॉल्वर काढलं. ढाब्याचा मालक पोलिसांना सांगत होता, की रिव्हॉल्वर दिसल्याबरोबर तिघेही मागे वळून पळाले होते, पार दारापर्यंत गेले होते. समाधानने चाप ओढला. टक्. पुन्हा ओढला. टक्. सहा वेळा. तेव्हा ते तिघे थांबले, एकमेकांकडे बघून हसले आणि सावकाश चालत परत आले. थोरल्याने आधी त्याचा उजवा हात मनगटापासून तोडला. बोटं रिव्हॉल्वरवर तशीच राहिली. मग तिघांनी मिळून त्याला इतके वार केले, की शवविच्छेदन करणाऱ्याने बावीसनंतर मोजायचं सोडलं असावं. धाकट्याने शेवटी त्याच्या तोंडात टाच रोवून दात पाडले.

तात्यारावांनी हे पेपरात वाचलं आणि ती कानस उचलून पेटीच्या तळाशी टाकली.

आठवड्याने फौजदार ते रिव्हॉल्वर घेऊन दुकानात आला. का वाजलं नाही, एवढं लेखी द्या म्हणाला. तात्यारावांनी घोडा तपासल्यासारखं केलं आणि म्हणाले, “टोक झिजलंय. वापराने.”

“वापराने?” माधवरावांनी चष्मा काढला. “कुणी वापरलं होतं हे? कधी?” माधवरावांनी त्यांच्याकडे पुरतं बघून घेतलं, चष्मा चढवला आणि ‘वापराने झिजलेले’ असं लिहून खाली सही ठोकली. यावर दोघं पुढे कधी एक शब्द बोलले नाहीत.

तीन वर्षं गेली. रात्री झोपेत तात्यारावांच्या उजव्या हाताची तर्जनी वळायची, शालनबाई ती सरळ करून धरून ठेवायची. एका बाईला वाचवलं, असं ते स्वतःला सांगायचे. पण वाचवलं हे कोणी पाहिलं होतं? मेलेला मात्र सगळ्या गावाने पाहिला होता.

मग एका मंगळवारी मुक्ताबाई सरळ पुढच्या दाराने दुकानात आली. कपाळ मोकळं, पाठ ताठ. हातात कोर्टाचा हुकूम, मुद्देमालातून सुटलेलं रिव्हॉल्वर आणि वारस म्हणून तिच्या स्वतःच्या नावावर निघालेला परवाना. माधवरावांनी प्रत्येक कागद उन्हाकडे धरून पाहिला. एकातही खोट निघाली नाही.

“हे वाजंल असं करून द्या,” ती तात्यारावांना म्हणाली.

तिला मागच्या खोलीत बसवून तात्यारावांनी दार लोटलं. तीन वर्षं छातीवर असलेलं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. “बाई, हे झिजलं नव्हतं. मी घासलं होतं. तुम्ही आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

“ठावं हाय मला.”

तात्यारावांनी स्टूल ओढलं आणि ते तिच्यासमोर बसले.

“इथनं घरी आणलं त्याच राती त्येंनी माझ्या कपाळाला टेकवलं,” ती म्हणाली. “निसतं भ्या घालाया न्हाई. चाप वढला. दोनदा. मी डोळं मिटलं न्हाईत. मग म्हनले, काडतुसं वली झाल्यात, अन् झोपले. सकाळी कायबी आठवत नव्हतं. मला तवाच कळलं, तुमीच कायतरी केलं असंल.”

“मग तुम्ही त्याला सांगितलं का नाही? नंतर?”

“काय सांगू? दुरुस्त करून आना म्हनू?”

तिने सांगितलं, की तिघेही भाऊ जामिनावर सुटलेत. थोरला रोज तिच्या घरासमोरच्या कट्ट्यावर बसतो. दोन एकरांवर सही कर म्हणतो. परवा दीपाली शाळेतून येताना त्याने तिची वेणी धरून तिला नुसतं उभं ठेवलं, अर्धा तास, आणि अख्खी आळी दारं लावून बसली.

“पोलीस संरक्षण मागा,” तात्याराव म्हणाले, पण आपलाच आवाज त्यांना खोटा वाटला.

“तुमी एकदा माझ्यासाठी ठरवलं,” ती म्हणाली. “मला न इचारता. त्याला मी नावं ठेवत न्हाई. आता मी ठरवते.”

नवीन घोडा बसवायला त्यांना दीड तास लागला. जन्मात केलं नसेल इतक्या काळजीने त्यांनी तो बसवला. मग हत्यार वाजवून पाहायला ठेवलेल्या वाळूच्या पिंपाकडे तोंड करून त्यांनी रिव्हॉल्वर तिच्या हातात दिलं, एक काडतूस घातलं आणि मनगट कसं धरायचं ते दाखवलं. तिने चाप ओढला. बंद खोलीत कानठळ्या बसल्या, वाळू उडाली, पुढे माधवरावांच्या हातून कप पडल्याचं ऐकू आलं. मुक्ताबाई हलली नाही. धूर निवेपर्यंत ती पिंपाकडे बघत राहिली.

“असा आवाज तवा ढाब्यावर झाला असता, तर दीपालीचा बाप जित्ता असता,” ती म्हणाली.

“हो,” तात्याराव म्हणाले.

“अन् त्या राती माझ्या घरात झाला असता तर मी नसते.”

“हो.”

“मग तुमी केलं ते बरुबर का चूक?”

तात्यारावांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत. “मला ठाऊक नाही, बाई.”

“मलाबी न्हाई,” मुक्ताबाई म्हणाली, आणि नवी काडतुसं एकेक करून रिव्हॉल्वरात भरू लागली.