मुरुमाखालचं पेट्रोल

नाशिकहून पेठकडे जाताना आमचा ट्रेनिंग कॅम्प होता. मी हवालदार, पेट्रोल-डिझेलचा साठा माझ्या ताब्यात. दर सोमवारी नव्या जवानांचा क्लास घ्यायचो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खोलगट जागेत साचते, मास्कशिवाय उतरू नका. हे मी शेकडो वेळा घसा ताणून सांगितलं असेल.

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी सकाळी सव्वासहाला पाच बॅरल रिकामी सापडली. तळ गंजले होते. पेट्रोल जमिनीत मुरलं होतं. सुभेदार साहेब नाकाला रुमाल लावून आले.

"साहेब, माती खणून काढू?"

"वेळ कुठाय? मुरूम टाक, रोलर फिरव. कडेच्या दगडांना गेरू-चुना."

"जी साहेब."

इन्स्पेक्शन आलं की दिसेल ते रंगवायचं, नको ते झाकायचं, ही आमची जुनी रीत. माझा मदतनीस नायक देवराम भोये पेठकडचा, शेतकऱ्याचा पोर. तो म्हणाला, "उस्ताद, मुरूम पाणी पितो, तसं पेट्रोलबी पील. खाली कातळाला फटी हायेत. उतार कुंपणापल्याडच्या हौसाबाईच्या हिरीकडं हाय."

"आधी इन्स्पेक्शन," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी साहेबांना शाबासकी मिळाली.

दोन मोठे पाऊस झाले. मुरुमाच्या कडेला गांडुळं वर येऊन मरून पडली. मी ती बुटानं बाजूला सारली. मग कुंपणापलीकडे झेंडू लावणाऱ्या हौसाबाई गेटवर कळशी घेऊन आल्या.

"वास घ्या, हवालदारसायेब. गाय तोंड लावंना. झाडं मुळापासून काळी पडली. आमी काय प्यायचं आता?"

वास घेतला. पेट्रोलच होतं. मला स्वतःची किळस आली.

सुभेदार साहेब म्हणाले, "कुठून झिरपतंय बघून या. गुपचूप. कागद नको."

मास्क मागवायचा तर कागद करावा लागला असता. मी मागवला नाही. अकरा वाजता भोये कमरेला दोर बांधून विहिरीत उतरला. दोर माझ्या हातात, वॉकी-टॉकी दोघांकडे.

"भोये, रिपोर्ट. ओव्हर."

"फट घावली. पाण्यावर तवंग हाय. उस्ताद, डोकं गरगरतंय."

"वर ये. भोये, वर ये!"

सोबत आणलेल्या दोन जवानांना मी हाक मारली. आम्ही तिघांनी ओढला. बारा वाजून पाच मिनिटांनी डॉक्टरांनी मान हलवली.

रिपोर्टमध्ये लिहिलं, फिरायला गेला असता पाय घसरून विहिरीत पडला. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे. थुंकावंसं वाटतं त्या सहीवर. ड्युटीवर असताना गेला असं कुठंच नाही, म्हणून कॅम्पातल्या स्मारकावर त्याचं नाव नाही.

रिटायर झाल्यावर एकदा तिकडे गेलो. मुरुमावर गवत उगवलेलं नाही. हौसाबाई अजून टँकरच्या पाण्यावर आहेत. मला पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "लय गुणाचा व्हता."

तेव्हा न केलेला रिपोर्ट आज करतो. पेट्रोल गळालं, ते मी झाकलं. नायक देवराम भोये, वय एकतीस, पाय घसरून पडला नाही. तो ड्युटीवर होता. मास्कशिवाय त्याला मी उतरवलं.